ज्याची तिसरी जिथं

शकुआत्याला डावं-उजवं मान्य नव्हतं. कळत होतं, मान्य नव्हतं. "डावं म्हंजे कोनाचं डावं?" ती विचारायची. "तू फिरला का तुह्यं डावं फिरलं. पूर्व फिरते काय कधी?" त्यामुळे अकोल्याच्या तिच्या घरात मिठाचा डबा दक्षिणेच्या फळीवर असे, झाडू पश्चिमेच्या कोपऱ्यात, आणि पाहुण्याला हात धुवायचे असले तर "असे उत्तरेले सरका, तिथंच मोरी हाय." जावई पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा ती म्हणाली, "लोणचं तुमच्या नैऋत्येले हाय, लाजू नका." तो भला माणूस बराच वेळ ताटाभोवती हात फिरवत बसला. पुढे तो वैशालीला, म्हणजे आत्याच्या लेकीला, घेऊन कॅनडात गेला. नोकरीसाठी गेला, पण आमच्याकडे अजून म्हणतात की लोणच्याला भिऊन गेला.

शकुआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. जुन्या शहरातल्या एका शाळेत तिनं उभी नोकरी केली, आणि ती सगळी तिसरीच्या वर्गावर. मुख्याध्यापक बदलत, दर नवा मुख्याध्यापक तिला चौथी देऊ करी. चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा, म्हणजे त्या बाईंना गावात मान. आत्या नको म्हणे. आपल्याकडे तिसरीच्या पुस्तकात आपला जिल्हा असतो. अकोल्याच्या पोराला अकोला, अमरावतीच्या पोराला अमरावती, दोघांची पुस्तकं वेगळी. चौथीत गेलं की शिवाजी महाराज येतात. "महाराज कोनीबी शिकवन," आत्या म्हणायची. "त्याईचं नाव घेतलं का पोरगं आपोआप ताठ बसते. बार्शीटाकळी तालुका शिकवून दाखवा म्हना."

तिचा एक सिद्धांत होता. लग्नकार्यात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही ती तो सांगे. "दुसरीतलं लेकरू मायच्या पदराखाली असते. चौथीतल्याले शिंगं फुटतात. मधलं एक वरीस असं असते बाप्पा, का तुमी बोट दाखवलं का ते तिकडं पायते. त्या वर्षी जे दाखवलं ते त्याचं. ज्याची तिसरी जिथं, त्याचं गाव तिथं."

सिद्धांताचा पहिला प्रयोग माझ्यावर झाला. मी अर्धी तिसरी आत्याच्याच वर्गात केली होती आणि वडिलांची बदली धामणगाव रेल्वेला झाली. आईनं भांडी पोत्यात भरली, तेव्हा आत्या दारात येऊन उभी राहिली. "पोरगं नेऊ नको, बाप्पा. तिसरी मधातून कापाची नसते." वडील म्हणाले, "अवो, धामणगावलेही तिसरी हायेच ना." आत्या म्हणाली, "तिथली तिसरी अमरावती जिल्ह्याची हाय. अर्धं हे, अर्धं ते. ह्याले कोनताच जिल्हा पुरता येनार नाई." मी राहिलो. कोणताच जिल्हा मला तसाही आला नाही, पण त्याचा दोष आत्याकडे जात नाही.

तिचा वर्ग रोज पटांगणात सुरू होई. उगवतीकडे तोंड करायचं, दोन्ही हात पसरायचे. डावा हात उत्तर, उजवा हात दक्षिण, पाठीमागे पश्चिम. इथे तिला डाव्या-उजव्याची मदत घ्यावीच लागे, पण ती तो शब्द असा उच्चारी की जणू उसना आणलाय. अख्खा वर्ग कावळ्यांसारखा पंख पसरून उभा. मी बहुधा फाटकाबाहेरच्या बोरं विकणाऱ्या म्हातारीकडे तोंड करून असे. आत्या मागून येऊन माझं डोकं दोन्ही हातांत धरी आणि नळाची तोटी फिरवावी तसं पूर्वेला फिरवी. शाळेत ती आत्या नव्हती, बाई होती. एकदा चुकून "आत्या" म्हणालो तर म्हणे, "आत्या घरी गेली. काय काम होतं तिच्यापाशी?"

तिची पोटची पोरं, नितीन आणि वैशाली, तीही तिच्याच वर्गातून गेली. नितीनचा नकाशा शाळेत सगळ्यात सुरेख. न बघता, खडू न उचलता, तेल्हाऱ्यापासून निघून वाशिमपर्यंत खाली येऊन परत वर. तेव्हा वाशिम आपल्यातच होतं. पुढे वाशिमचा वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी आत्याचं काही खरं नव्हतं. फळ्यावर नकाशा काढायला लागली की हात सवयीनं खाली जाई, मग ती थांबे आणि पदरानं नाही तर तळहातानं तेवढा भाग पुसे. "काढलं का पुसा लागते," घरी येऊन म्हणायची. "पोरं हसतात. हसनारच. त्याईच्या पुस्तकात नाई ना ते." काका, म्हणजे आत्याचे यजमान, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, फार कमी बोलायचे. ते पेपरातून तोंड काढून म्हणाले, "वाशिम कुठं गेलं नाई वो. जिथं होतं तिथंच हाय." आत्या म्हणाली, "तेच तर."

दिशांचा आमच्या घराला एकदाच खराखुरा उपयोग झाला. आत्याच्या पोटात दुखायला लागलं आणि आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे. "कुठे दुखतंय, आजी?" आत्या खाटेवर उताणी, डोळे मिटलेले. "वायव्येले." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या फलकाकडे पाहिलं. आत्यानं एक डोळा उघडला. "डोकं माहं पूर्वेले हाय ना? पाय पश्चिमेले. मंग पोटाची वायव्य कुठी आली, सांगा." डॉक्टरांनी हवेत बोटानं थोडा हिशेब केला आणि खाली उजवीकडे दाबलं. आत्यानं जी हाक मारली ती बाहेर चहाच्या टपरीपर्यंत गेली. अपेंडिक्स. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "खाट फिरवली काहून?"

मग काका गेले. नितीन आधी पुण्याला, तिथून जर्मनीला. वैशाली कॅनडात. आत्या निवृत्त झाली आणि जुन्या शहरातल्या दोन खोल्यांत एकटी राहिली. मी तोवर अमरावतीला नोकरीत चिकटलो होतो. महिन्या-दोन महिन्यांतून बडनेऱ्याहून गाडीनं तिच्याकडे जायचो. दार उघडंच असे. ती आत कुणाशी तरी बोलत असे, आणि कुणीही नसे. "कोणाशी बोलून राहिली होती?" विचारलं तर म्हणे, "उजळणी करून राहिली होती." अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर. संध्याकाळी कुकर लावता लावता ती तालुक्यांना हाक मारायची, एखादीनं अंगणातल्या पोरांना आत बोलवावं तशी.

वैशालीची मीरा तिकडे तिसरीत गेली तेव्हा आत्या खूश. "येऊन जा व एकडाव. ह्याच वर्षी ये. पुढं काही उपेग नाई." वैशालीनं तिकिटं पाहायला घेतली आणि त्याच वर्षी सगळ्या जगाची दारं बंद झाली. दारं उघडली तोवर मीरा पुढच्या वर्गात गेलेली. पुढे ती एकदा आली, छान उंच झालेली, कानात काही तरी घालून बसायची. आत्यानं तिला किल्ला दाखवला. "नाइस," मीरा म्हणाली. आत्या मला म्हणाली, "गुणाची पोर हाय. पन शिंगं फुटली."

राहिला नितीनचा ओजस. तो जर्मनीत जन्मला, मराठी चांगली बोले, कारण त्याच्या आईनं घरात दुसरी भाषा बोलूच दिली नाही. ओजस तिसरीत गेला आणि नितीननं शब्द दिला, डिसेंबरच्या सुट्टीत येतो, तीन आठवडे, अकोल्यातच राहतो. आत्यानं घराला रंग दिला, कमोड बसवून घेतला, आणि एका रविवारी मला अकोल्याला बोलावून घेतलं. म्हणाली, "तालीम करून पाहाची हाय. तू ओजस हो."

माझं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे. पण आत्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. ती पुढे, मी मागे, असे आम्ही जुन्या शहराच्या गल्ल्यांतून निघालो. "इकडं पाय, ओजस. हा किल्ला. आता सांग, आपली शाळा कोन्या दिशेले राह्यली?" मी म्हणालो, "मागे." "मागे ही दिशा होय काय?" चौकातला फुलवाला हार ओवता ओवता ऐकत होता. तो आत्याचाच विद्यार्थी. म्हणाला, "बाई, ह्या पोराले किती वर्सं तिसरीतच ठेवता? मिशा पांढऱ्या झाल्या त्याच्या."

"कच्चा हाय," आत्या म्हणाली.

नदीवर आलो. मोर्णा म्हणजे उन्हाळ्यात नदी आहे असं शपथेवर सांगावं लागतं, पण तेव्हा थोडं पाणी होतं. आत्या कठड्याला हात टेकून उभी राहिली. "इथं त्याले विचारीन, पानी कोनीकडं चाललं? तो म्हनन उत्तरेले. मंग सांगीन, तिकडं पूर्णा हाय, ही तिले जाऊन भेटते. मंग तो विचारन, पूर्णा कोनाले भेटते?" ती थांबली. "विचारन ना रे तो? का नाई विचारनार?"

"विचारेल की," मी म्हणालो. ओजसच्या वतीनं दुसरं काय म्हणणार?

दिवाळी झाली आणि नितीनचा फोन आला. त्यांच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं होतं. कागद हातात येईपर्यंत देश सोडता येईना, सोडला तर परत शिरता येईना. तो फार समजावत होता. आत्या फोन कानाला न लावता समोर धरून ऐकत होती. "येऊ नको बाप्पा," ती म्हणाली. "कागद पहिले. इथलं कुठं पळून जाते?" मी तिथेच होतो. फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, "त्याची तिसरी कधी सरते?" मी म्हटलं, तिकडे उन्हाळ्यात. ती म्हणाली, "पुढच्या दिवाळीले तो चौथीत."

मग तिनं तिच्या स्वभावाला धरून तोड काढली. ओजस सुट्टीत घरीच आहे ना, मग आपण त्याला फोनमधून फिरवून आणू. माझ्या बायकोनं, वंदनानं, तिला व्हिडिओ कॉल लावायचा शिकवला. "आत्याबाई, मी येते सोबत," ती म्हणाली. आत्या म्हणे, "वर्गात दोन बाया नसतात." एका दुपारी नवं लुगडं नेसून, फोन हातात आडवा धरून ती एकटीच निघाली. सगळं दाखवलं. किल्ला, नदी, मंदिर, तिची शाळा, फुलवाला, भाजीबाजार. मधून मधून विचारायची, "दिसून राह्यलं ना रे?" फोनमधून येई, "हो आजी." संध्याकाळी तिनं मला फोन केला तेव्हा आवाज बसला होता. "झालं रे बाळू. सगळं दाखवलं. एकडावही म्हनला नाई का पुरे झालं."

दोन दिवसांनी नितीनचा मला फोन. आधी तो हसत होता. कॅमेरा उलटा होता. अख्खा वेळ ओजसला दिसत होती ती आत्याची हनुवटी, वर चष्म्याची काडी, त्यावर विजेच्या तारा आणि आभाळ. किल्ला नाही, नदी नाही, काही नाही. "मी म्हटलं, अरे सांगायचं ना आजीला, बटण दाबायचं फक्त," नितीन म्हणाला. "तर म्हणे, ती मधे थांबतच नव्हती, बाबा. आणि खूश होती." मग नितीनचं हसणं संपलं. तो म्हणाला, "पूर्ण वेळ बसला रे तो. हललाही नाही." आत्याला सांगायचं नाही हे ठरवायचीही गरज पडली नाही.

उन्हाळा लागायच्या सुमाराला ओजसनं स्वतःहून आत्याला फोन केला. त्याच्या वर्गाला बाईंनी गाव फिरवून दाखवलं होतं. तिकडेही तिसरीत हेच असतं म्हणे, आपलं गाव, आपली नदी, नकाशा कसा वाचायचा. त्याला ते आजीला दाखवायचं होतं. मी त्या दिवशी अकोल्याला होतो, आत्याच्या खांद्यावरून पाहत होतो. त्याचा कॅमेरा सरळ होता. शाळा दिसली, लाल कौलांची घरं, पावाचं दुकान, चर्चचा मनोरा, मग पूल. आत्या डोळे फोनला लावून बसली होती. जरा वेळानं तिच्यातली बाई जागी झाली.

"तुमची नदी कोनीकडं जाते रे?"

"उत्तरेला, आजी."

"कशावरून?"

"सकाळी शाळेत येताना सूर्य तिकडे असतो," त्यानं हात दाखवला, "मग उत्तर इकडे. आणि पाणी इकडे जातं."

"शाबास! आमचीबी उत्तरेलेच जाते, पाह्यली ना तू?"

फोनमधला पूल जरा खाली झुकला. "हो आजी," ओजस म्हणाला. "पाहिली."

फोन ठेवल्यावर आत्या चहा टाकायला उठली. भांडं गॅसवर ठेवलं, पाणी टाकलं, साखर टाकली, आणि गॅस पेटवायचाच विसरून तिथे उभी राहिली. "पक्की झाली त्याची," ती म्हणाली. "बाई चांगली भेटली त्याले. काही कच्चं ठेवलं नाई." मग बऱ्याच वेळानं, "बाळू, ज्याची तिसरी जिथं..." एवढं म्हणून तिनं काडेपेटी शोधायला घेतली. ती तिच्या हातातच होती.

पावसाळ्यात ती मोरीत पडली, खुबा मोडला, आणि मी तिला अमरावतीला आमच्या फ्लॅटवर आणलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर घेऊन चालायला लागली. पण आमचं घर तिला जमलं नाही. बिल्डरनं ते असं तिरकं बांधलंय की कोणतीच भिंत कोणत्याच दिशेला सरळ नाही. "मीठ कुठी हाय, वंदना?" "ओट्याच्या डावीकडे, आत्याबाई." आत्या हळूच मला म्हणे, "इथं मले पूर्व सापडत नाई रे." खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास, दिवसभर पोरांची वर्दळ. ती खिडकीत बसून पाहायची. एकदा एका पोराला वरूनच विचारलं, "कोन्या गावचा रे तू?" पोरगं म्हणालं, "दर्यापूरचा." "तालुक्याचं गाव हाय ना ते?" "हो." आत्या खूश होईल असं मला वाटलं. मी म्हटलं, "बघ, अमरावती जिल्हाही येऊन राहिला तुला. शिकून घे थोडा." ती म्हणाली, "आता कोन्या वर्गात बसू?"

नितीन रोज फोन करी, वैशालीही. नितीनकडची सकाळ म्हणजे इकडची दुपार, वैशालीकडची सकाळ म्हणजे इकडची जेवणं झालेली. त्यामुळे फोन येई तेव्हा आत्या कधी झोपेत, कधी औषधाच्या गुंगीत. ओजस चौथीत गेला. तो आता थोडंच बोलायचा. आत्याही त्याला फार अडवायची नाही. "जा, खेळाले जा," म्हणायची.

ती गेली त्याच थंडीत, झोपेत. नितीनच्या हातात कागद आले होते, त्यामुळे तो पोचू शकला. पण मला आत्या आठवते ती त्याच्या आठ-दहा दिवस आधीची. सकाळी उठून पाहतो तर ती खोलीत नाही. वॉकर नाही. वंदना घाबरली. मी जिन्यानं धापा टाकत गच्चीवर गेलो. लिफ्ट आहे हे मला नेहमी वर पोचल्यावर आठवतं.

आत्या गच्चीच्या मधोमध उभी होती. वॉकर बाजूला. स्वेटरवरून शाल, डोक्याला माझाच मफलर. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी बरोबर पूर्वेला आहे, तिच्यामागून नुकतं ऊन वर येत होतं. आत्यानं दोन्ही हात थोडेसे पसरले होते, तिसरीच्या वर्गात पसरायचो तसे. पण तिची पाठ टाकीकडे होती, तोंड पश्चिमेला.

मला वाटलं, औषधांनी गोंधळ उडाला असेल. जवळ जाऊन हळूच तिच्या खांद्याला धरलं. "आत्या, पूर्व इकडं आहे. मागं."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. तिनं माझा हात खांद्यावरून काढून हातात घेतला, पण तोंड वळवलं नाही. "पन तिकडं अजून उजाडलं नसन ना रे? झोपले असतीन लेकरं."